पोलादावरील परकीय शुल्क : सरकारे उत्तर कसे देतात?

परदेशाने पोलादावरील आयात शुल्क वाढविले, की निर्यातदार देशाच्या सरकारसमोर मोजकेच पर्याय उरतात. २००२, २०१८ आणि २०२५ या तीन प्रसंगी निरनिराळ्या सरकारांनी कोणते मार्ग निवडले, त्यातून काय साधले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

- विशेष प्रतिनिधी

अमेरिकेने ४ जून २०२५ रोजी पोलाद आणि अॅल्युमिनियमवरील आयात शुल्क २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. त्याआधी १२ मार्च २०२५ पासून जुन्या सर्व सवलती रद्द करून २५ टक्के शुल्क सरसकट लागू करण्यात आले होते. अवघ्या तीन महिन्यांत शुल्क दुप्पट झाल्याने कॅनडापासून जपानपर्यंत आणि ब्रुसेल्सपासून दिल्लीपर्यंत सर्व राजधान्यांत एकच प्रश्न उभा राहिला. याला उत्तर काय द्यायचे? जशास तसे वागून अमेरिकी मालावर शुल्क लादायचे, जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागायची, की बोलणी करून सवलत पदरात पाडून घ्यायची?

हा प्रश्न नवा नाही. गेल्या पाव शतकात तो तीनदा उभा राहिला आणि तिन्ही वेळा उत्तरे वेगवेगळी मिळाली. सरकारी उत्तराचे यश त्याच्या कडकपणावर अवलंबून नसते. समोरच्या देशाला कोठे आणि कधी बोचेल, हे ओळखण्यावर ते अवलंबून असते. दुसरे असे की, या उत्तराची किंमत बहुतेक वेळा पोलाद कारखाने मोजत नाहीत. ती फळबागायतदार, मोटारसायकलचे कारखानदार आणि पोलादाचे पत्रे विकत घेणारे लघुउद्योजक मोजतात.

पोलादच का?

शुल्कयुद्धाची ठिणगी वारंवार पोलादावरच का पडते, हे आधी समजून घ्यावयास हवे. झोतभट्टी एकदा पेटविली, की ती मागणीनुसार बंद-चालू करता येत नाही. त्यामुळे मागणी घटली तरी उत्पादन चालू राहते आणि जादा माल मिळेल त्या भावाने परदेशी बाजारात ओतला जातो. जगाची उत्पादनक्षमता गरजेपेक्षा कितीतरी अधिक असून, निम्म्याहून अधिक पोलाद एकट्या चीनमध्ये तयार होते.

त्यातच पोलाद कारखाने ठराविक प्रदेशांत एकवटलेले असतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि वेस्ट व्हर्जिनिया ही राज्ये त्याचे उदाहरण होत. तेथील कामगारांची मते निवडणुकीचे पारडे फिरवू शकतात. याउलट पोलाद वापरणारे उद्योग देशभर विखुरलेले असतात आणि त्यांचा आवाज एकत्र उमटत नाही. संरक्षणाची मागणी म्हणूनच लवकर मान्य होते.

उत्तराचे पाच मार्ग

परकीय शुल्काला उत्तर देण्याचे ढोबळमानाने पाच मार्ग आहेत. पहिला, जागतिक व्यापार संघटनेत तक्रार दाखल करणे. दुसरा, त्या देशाच्या मालावर प्रतिशुल्क लावणे. तिसरा, वाटाघाटीने सूट किंवा कोटा मिळविणे. यात ठरलेल्या प्रमाणापर्यंतचा माल शुल्काविना वा कमी शुल्कात जातो. चौथा, तिकडचे दार बंद झाल्याने आपल्याकडे वळणारा इतर देशांचा माल रोखण्यासाठी स्वतःच्या बाजारपेठेभोवती कुंपण घालणे. पाचवा, आपल्या निर्यातदारांना कर्ज, हमी वा अनुदान देऊन तग धरण्यास मदत करणे.

प्रत्यक्षात कोणतेही सरकार एकाच मार्गाने जात नाही. दोन-तीन मार्ग एकाच वेळी चोखाळले जातात. त्यांतील कोणत्या मार्गावर भर द्यायचा, हे त्या देशाची बाजारपेठ किती मोठी आहे आणि तो समोरच्या देशावर किती अवलंबून आहे, यावरून ठरते.

नियमांची चौकट

आयात अचानक वाढून देशी उद्योगाला गंभीर हानी पोहोचत असेल, तर तात्पुरते संरक्षक शुल्क लावण्याची मुभा जागतिक व्यापार संघटनेचे नियम देतात. मात्र असे शुल्क लावणाऱ्या देशाने बाधित देशांशी सल्लामसलत करून नुकसानभरपाई द्यावी, अशी अपेक्षा आहे. भरपाईबाबत समझोता झाला नाही, तर बाधित देश तेवढ्याच मूल्याच्या सवलती काढून घेऊ शकतो. प्रतिशुल्काचा कायदेशीर आधार तो हाच. आयातीत खरोखर वाढ झाली असेल आणि शुल्क नियमाला धरून असेल, तर पहिली तीन वर्षे हा अधिकार वापरता येत नाही.

याखेरीज राष्ट्रीय सुरक्षेचा अपवाद आहे. युद्ध अथवा आंतरराष्ट्रीय संबंधांतील आणीबाणीच्या काळात देश आपल्या सुरक्षेसाठी नियमांपासून दूर जाऊ शकतो. २००२ मध्ये अमेरिकेने पहिला मार्ग वापरला होता. २०१८ पासून तिने दुसऱ्याचा आधार घेतला. कायद्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. शुल्क ‘संरक्षक’ असेल तर बाधित देशाला प्रतिशुल्काचा अधिकार मिळतो. ते ‘सुरक्षेसाठी’ असेल तर तो मिळत नाही, असा अमेरिकेचा दावा आहे.

२००२ : एकवीस महिन्यांत माघार

अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ५ मार्च २००२ रोजी विविध पोलादी मालावर ८ ते ३० टक्के जादा शुल्क जाहीर केले. २० मार्चपासून ते अमलात आले आणि तीन वर्षे चालणार होते. कॅनडा, मेक्सिको, इस्रायल व जॉर्डन यांना त्यातून वगळण्यात आले. ज्यांचा आयातीतील वाटा ३ टक्क्यांहून कमी होता, अशा विकसनशील देशांनाही बहुतांशी सूट मिळाली.

युरोपीय महासंघाने दोन दिवसांतच जागतिक व्यापार संघटनेचे दार ठोठावले. पाठोपाठ जपान, दक्षिण कोरिया, चीन, स्वित्झर्लंड, नॉर्वे, न्यूझीलंड आणि ब्राझील हेही तक्रारदार झाले. अमेरिकेत जाऊ न शकलेले पोलाद युरोपात येईल या भीतीने महासंघाने त्याच महिन्यात स्वतःचे हंगामी संरक्षक उपाय योजले. चीननेही त्याच वर्षी तोच मार्ग धरला.

युरोपच्या उत्तराची खरी ताकद मात्र त्याच्या यादीत होती. सुमारे २२० कोटी डॉलर मूल्याच्या अमेरिकी मालाची ही यादी अतिशय विचारपूर्वक तयार करण्यात आली होती. फ्लोरिडातील संत्र्यांचा रस, कॅरोलिनातील कापड आणि हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकली त्यात होत्या. २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्या राज्यांतील मतांना विशेष मोल येणार होते, तेथील उत्पादनांवर युरोपने बोट ठेवले होते. ही यादी तातडीने लागू न करता ती टांगत्या तलवारीसारखी ठेवण्यात आली.

१० नोव्हेंबर २००३ रोजी व्यापार संघटनेच्या अपील मंडळाने अमेरिकेचे शुल्क नियमबाह्य ठरविले. आयातवाढ आणि देशी उद्योगाची हानी यांतील संबंध अमेरिकेने समाधानकारक रीतीने दाखवून दिला नाही, हा त्यातील प्रमुख आक्षेपांपैकी एक होता. आता डिसेंबरच्या मध्यापासून युरोपचे प्रतिशुल्क लागू होणार होते. त्याआधीच, ४ डिसेंबर २००३ रोजी बुश यांनी शुल्क मागे घेतले. युरोप आणि चीन यांनीही त्याच महिन्यात आपापले उपाय उठविले.

अमेरिकेतील पोलाद वापरणाऱ्या उद्योगांचा विरोधही या निर्णयामागे होता. महागलेल्या पोलादामुळे २००२ मध्ये सुमारे दोन लाख रोजगार गेल्याचा दावा या उद्योगांच्या संघटनेने केला होता. पोलाद उत्पादकांना हा आकडा मान्य नव्हता. परंतु शुल्काचा भार देशातील कारखानदारांवरही पडतो, हे त्यानिमित्ताने चर्चेत आले. न्यायनिवाडा, नेमक्या ठिकाणी धरलेला नेम आणि देशांतर्गत असंतोष या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळून आल्याने २००२ चे उत्तर यशस्वी ठरले.

२०१८ : सुरक्षेच्या नावाखाली

अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ८ मार्च २०१८ रोजी १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यातील कलम २३२ वापरून पोलादावर २५ टक्के आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क जाहीर केले. त्यासाठी राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देण्यात आले. २३ मार्चपासून अंमलबजावणी सुरू झाली. कॅनडा, मेक्सिको आणि युरोपीय महासंघ यांना मिळालेली तात्पुरती सूट १ जून रोजी संपली.

यावेळी उत्तरे एकसारखी नव्हती. दक्षिण कोरियाने वेळ न दवडता तडजोड केली. मुक्त व्यापार करारातील दुरुस्तीबरोबरच त्याने २०१५ ते २०१७ या काळातील सरासरी निर्यातीच्या ७० टक्क्यांवर मर्यादा मान्य केली आणि त्या बदल्यात शुल्कातून सुटका करून घेतली. ब्राझील व अर्जेंटिना यांनीही कोटा स्वीकारला. ऑस्ट्रेलियाला कोट्याविनाच सूट मिळाली. जपानने प्रतिशुल्काचा अधिकार राखून ठेवला. पण तो वापरला नाही.

कॅनडाने १ जुलै २०१८ पासून १,६६० कोटी कॅनडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर शुल्क लावले. त्यात पोलादासोबत केचप, दही, व्हिस्की अशा वस्तूही होत्या. जोडीला आपल्या पोलाद व अॅल्युमिनियम उद्योगासाठी २०० कोटी कॅनडियन डॉलरपर्यंतच्या मदतीची घोषणा केली. मेक्सिकोने डुकराचे मांस, सफरचंदे, बटाटे आणि चीज यांना लक्ष्य केले. युरोपीय महासंघाने २२ जूनपासून २८० कोटी युरोच्या मालावर प्रतिशुल्क लावले. मोटारसायकलींवरील शुल्क ६ वरून ३१ टक्क्यांवर गेले. प्रत्येक वाहनामागे सुमारे २,२०० डॉलरचा बोजा पडेल, असे सांगून हार्ले-डेव्हिडसनने युरोपसाठीचे उत्पादन अमेरिकेबाहेर नेण्याची घोषणा केली. अमेरिकेतील पोलाद वाचविण्यासाठी उचललेल्या पावलाचा फटका अमेरिकेतीलच एका नामांकित कारखान्याला बसला.

तुर्कस्तानलाही याच सुमारास वेगळा अनुभव आला. राजकीय वाद चिघळल्यावर ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेने तुर्की पोलादावरील शुल्क दुप्पट करून ५० टक्के केले. मे २०१९ मध्ये ते पुन्हा २५ टक्क्यांवर आणण्यात आले. प्रतिशुल्काला प्रतिशुल्काने उत्तर मिळू शकते, याची ती झलक होती.

कॅनडा आणि मेक्सिको यांच्याशी १७ मे २०१९ रोजी समझोता होऊन दोन्ही बाजूंची शुल्के उठली. उत्तर अमेरिकी व्यापार कराराच्या मंजुरीसाठी अमेरिकेला या दोघांची गरज होती. युरोपला मात्र ऑक्टोबर २०२१ पर्यंत वाट पाहावी लागली. १ जानेवारी २०२२ पासून दरसाल ३३ लाख टन पोलाद २५ टक्के शुल्काविना नेण्याचा कोटा त्याला मिळाला. जपानला एप्रिल २०२२ पासून १२.५ लाख टनांचा, तर ब्रिटनला जून २०२२ पासून ५ लाख टनांचा कोटा देण्यात आला.

भारताचे उत्तर : सफरचंद, अक्रोड आणि मसूर

भारताने २०१८ मध्ये संयमाचा मार्ग पत्करला. अमेरिकेच्या शुल्कामुळे भारतीय निर्यातीवर सुमारे २४.१ कोटी डॉलरचा जादा भार पडतो, असे भारताने व्यापार संघटनेला कळविले आणि तेवढ्याच रकमेच्या प्रतिशुल्काची यादी सादर केली. शुल्क ४ ऑगस्ट २०१८ पासून लागू होणार होते. मात्र बोलणी फलद्रूप होतील या आशेने ही तारीख वारंवार पुढे ढकलण्यात आली.

अखेर अमेरिकेने ५ जून २०१९ पासून भारताला मिळणारी व्यापार अग्रक्रमाची सवलत काढून घेतली. या सवलतीखाली वर्षाला सुमारे ६३० कोटी डॉलरचा भारतीय माल शुल्काविना अमेरिकेत जात असे. त्यानंतर ११ दिवसांनी, १६ जून २०१९ रोजी भारताने २८ अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क लावले. त्यात बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा, मसूर, बोरिक आम्ल आणि वैद्यकीय चाचण्यांची रसायने होती. सफरचंद व अक्रोड यांवर प्रत्येकी २० टक्के, तर बदामावर किलोमागे २० रुपये अधिक आकारण्यात आले.

या शुल्काचा परिणाम सरकारनेच सप्टेंबर २०२३ मध्ये आकड्यांनिशी सांगितला. २०१८-१९ मध्ये अमेरिकेतून १४.५ कोटी डॉलरची १,२७,९०८ टन सफरचंदे आली होती. २०२२-२३ मध्ये ती ५२.७ लाख डॉलरवर, म्हणजे ४,४८६ टनांवर आली. वॉशिंग्टन राज्यातील बागायतदारांनी एक मोठी बाजारपेठ जवळजवळ गमावली. परंतु याच काळात इतर देशांतून होणारी सफरचंदांची आयात १६ कोटी डॉलरवरून २९ कोटी डॉलरवर गेली. तुर्कस्तान, इटली, चिली, इराण व न्यूझीलंड यांनी अमेरिकेची जागा घेतली. म्हणजे अमेरिकेला झळ बसली, हे खरे; पण हिमाचल आणि काश्मीरच्या बागायतदारांना रिकामी झालेली बाजारपेठ मिळाली नाही. ती तिसऱ्याच देशांच्या वाट्याला गेली. कोणत्याही एका देशाविरुद्धच्या प्रतिशुल्काचा हा स्वाभाविक परिणाम होय.

तरीही सौदा करण्यासाठी या शुल्काचा उपयोग झाला. जून २०२३ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या अमेरिका दौऱ्यात उभय देशांनी व्यापार संघटनेतील सहा वाद सामोपचाराने मिटविले. भारताने सफरचंद, अक्रोड, बदाम, हरभरा, मसूर आदींवरील जादा शुल्क मागे घेतले. मूळ शुल्क मात्र कायम ठेवले. सफरचंदावर ५० टक्के, अक्रोडावर १०० टक्के आणि बदामावर किलोमागे १०० रुपये असे ते होते. बदल्यात भारतीय पोलादासाठी येणाऱ्या सूट-अर्जांपैकी ७० टक्के आणि अॅल्युमिनियमच्या ८० टक्के अर्जांना मंजुरी देण्याचे अमेरिकेने मान्य केले. मूळ २५ टक्के शुल्क कागदोपत्री तसेच राहिले.

न्यायपीठ रिकामे झाल्यावर

२००३ मध्ये अमेरिकेला माघार घ्यावयास लावणारे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्याने सुनावणीस आवश्यक असलेले तीन सदस्यही उरले नाहीत. ९ डिसेंबर २०२२ रोजी व्यापार संघटनेच्या तंटा समितीने चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड व तुर्कस्तान यांच्या तक्रारींवर निकाल देताना २०१८ चे अमेरिकी शुल्क नियमबाह्य ठरविले. परंतु राष्ट्रीय सुरक्षेचा निर्णय अन्य कोणी तपासू शकत नाही, असे सांगून अमेरिकेने तो धुडकावला. अपील दाखल झाले, की ते ऐकणारे मंडळच नसल्याने निकाल अधांतरी राहतो.

त्याच्या दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. २०२३ मध्ये अशाच तंटा समित्यांनी चीन आणि तुर्कस्तान यांचे प्रतिशुल्कही नियमबाह्य ठरविले. अमेरिकेचे शुल्क ‘संरक्षक’ प्रकारात मोडत नसल्याने त्या नियमाखाली बदला घेता येत नाही, असे त्यामागील सूत्र होते. थोडक्यात, मूळ शुल्कही बेकायदा आणि त्याला दिलेले उत्तरही बेकायदा, अशी चमत्कारिक अवस्था निर्माण झाली. भारताविरुद्धची अमेरिकी तक्रार निकालापूर्वीच मिटल्याने भारत या प्रसंगातून सुटला. परंतु भारताचा दावा याच सूत्रावर उभा असल्याने ही बाब पुढेही महत्त्वाची ठरते.

२०२५ : कुंपणामागून कुंपण

२०२५ मधील अमेरिकी शुल्काने कोटा मिळविलेल्यांनाही सोडले नाही. कोरिया, जपान, युरोप यांनी वर्षानुवर्षे बोलणी करून मिळविलेल्या सवलती १२ मार्च २०२५ रोजी एका फटक्यात संपल्या. जूनमधील वाढीतून केवळ ब्रिटनला वगळून २५ टक्क्यांवर ठेवण्यात आले. शिवाय पोलादापासून बनलेल्या वस्तूही टप्प्याटप्प्याने शुल्काच्या कक्षेत आल्या. १८ ऑगस्ट २०२५ रोजी एकाच वेळी ४०७ वर्गवारींचा समावेश करण्यात आला.

कॅनडाने १३ मार्च २०२५ पासून २,९८० कोटी कॅनडियन डॉलरच्या मालावर प्रतिशुल्क लावले. पुढे १ सप्टेंबरपासून बऱ्याच अमेरिकी वस्तूंवरील शुल्क त्याने काढले; पण पोलाद, अॅल्युमिनियम व मोटारींवरचे ठेवले. त्याचबरोबर मुक्त व्यापार करार नसलेल्या देशांतून येणाऱ्या पोलादावर कोटा लावून, तो जुलैमध्ये २०२४ च्या आयातीच्या निम्म्यावर आणला.

युरोपीय महासंघाने प्रतिशुल्काची यादी तयार करूनही ती स्थगित ठेवली आणि तडजोडीचा मार्ग स्वीकारला. मात्र ७ ऑक्टोबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने स्वतःच्या बाजारपेठेसाठी कठोर प्रस्ताव मांडला. जून २०२६ अखेर मुदत संपणाऱ्या संरक्षक उपायांच्या जागी शुल्कमुक्त कोटा ४७ टक्क्यांनी घटवून १ कोटी ८३ लाख टनांवर आणायचा आणि त्यापुढील आयातीवर ५० टक्के शुल्क घ्यायचे, असा तो प्रस्ताव होता. मेक्सिकोनेही अमेरिकेला प्रत्युत्तर देण्याचे टाळले. त्याऐवजी, व्यापार करार नसलेल्या देशांच्या मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्यास त्याच्या संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. या देशांत चीन आणि दक्षिण कोरियासोबत भारतही होता.

येथे उत्तराची दिशाच बदललेली दिसते. शुल्क लावणारा देश बलाढ्य असेल आणि निवाडा करणारे कोणी नसेल, तर सरकारे त्याच्यावर वार करण्याऐवजी शेजारच्या दारांना कुलपे लावतात. एका देशाच्या कुंपणातून दुसऱ्याचे कुंपण उभे राहते आणि सर्वांत शेवटी कुंपण घालणाऱ्याच्या अंगणात उरलासुरला माल येऊन पडतो.

भारतापुढील पेच

भारत थेट पोलाद अमेरिकेला फारसे पाठवीत नाही. ‘ग्लोबल ट्रेड रिसर्च इनिशिएटिव्ह’ या अभ्याससंस्थेने दिलेल्या आकड्यांनुसार, २०२४-२५ मध्ये अमेरिकेला गेलेला लोह, पोलाद व अॅल्युमिनियमचा माल ४५६ कोटी डॉलरचा होता. त्यात प्रत्यक्ष लोह-पोलाद ५८.७५ कोटी डॉलरचे, तर लोखंड-पोलादाच्या वस्तू ३१० कोटी डॉलरच्या होत्या. नळ्या, जोडणीचे भाग, नट-बोल्ट, ओतीव भाग अशा या वस्तू. म्हणजे शुल्काची खरी झळ मोठ्या पोलाद कंपन्यांपेक्षा अभियांत्रिकी माल बनविणाऱ्या मध्यम व लहान कारखान्यांना बसणार होती.

मे २०२५ मध्ये भारताने व्यापार संघटनेला पुन्हा सूचना दिली. अमेरिकी शुल्कामुळे ७६० कोटी डॉलरच्या भारतीय निर्यातीवर १९१ कोटी डॉलरचा भार पडतो आणि तेवढ्या सवलती मागे घेण्याचा अधिकार भारत राखून ठेवीत आहे, असे त्यात म्हटले होते. शुल्क ५० टक्क्यांवर गेल्यावर जुलैमध्ये हा आकडा ३८२ कोटी डॉलर करण्यात आला. ‘हे संरक्षक शुल्क नाहीच,’ अशी भूमिका घेऊन अमेरिकेने सल्लामसलतीस नकार दिला. व्यापार कराराची बोलणी सुरू असल्याने ही सूचना म्हणजे प्रत्यक्ष वारापेक्षा म्यानातील तलवारीवर ठेवलेला हात होता.

दुसरीकडे आपल्या बाजारपेठेचे रक्षण तातडीने करण्यात आले. २०२४-२५ मध्ये तयार पोलादाची आयात सुमारे ९५ लाख टनांवर गेली होती आणि सलग दुसऱ्या वर्षी भारताने निर्यातीपेक्षा अधिक पोलाद आयात केले होते. व्यापार उपाय महासंचालनालयाच्या शिफारशीनुसार २१ एप्रिल २०२५ पासून २०० दिवसांसाठी सपाट पोलादावर १२ टक्के हंगामी संरक्षक शुल्क लावण्यात आले. डिसेंबर २०२५ अखेर ते तीन वर्षांसाठी निश्चित झाले. पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ११.५ आणि तिसऱ्या वर्षी ११ टक्के असा त्याचा दर आहे. काही विकसनशील देशांना सूट देताना चीन व व्हिएतनाम यांना त्यात कायम ठेवण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यातदारांसाठी २५,०६० कोटी रुपयांच्या निर्यात प्रोत्साहन अभियानालाही मंजुरी दिली.

पत्रा वापरणाऱ्यांचे काय?

संरक्षक शुल्काचा लाभ कोणाला, हे महाराष्ट्राच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. रायगड जिल्ह्यातील डोलवी येथील एकात्मिक पोलाद प्रकल्पात तप्त पत्र्यांच्या गुंडाळ्या तयार होतात. परदेशी गुंडाळ्या महागल्या, की अशा उत्पादकाला भाव राखता येतो. जालन्यातील सळ्या बनविणाऱ्या कारखान्यांना या शुल्काचा फारसा संबंध नाही. कारण ते सपाट पोलादावर आहे. कोल्हापूरच्या ओतशाळा मुख्यतः कच्चे लोखंड आणि भंगार वापरतात, त्यामुळे त्यांच्या कच्च्या मालावरही त्याचा थेट परिणाम नाही. पण चाकण, भोसरी, वाळूज वा अंबड येथे पत्रा कापून, दाबून, वाकवून सुटे भाग करणाऱ्या उद्योजकाचा कच्चा माल नेमका हाच आहे.

निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल आगाऊ परवान्याखाली शुल्काविना आणण्याची सोय आहे. तथापि, महिन्याला थोडाच पत्रा स्थानिक व्यापाऱ्याकडून उचलणाऱ्या लहान उद्योजकाला तिचा उपयोग होत नाही. त्याला देशातील चढा भाव द्यावा लागतो आणि त्याच पत्र्यापासून बनविलेली वस्तू अमेरिकेत ५० टक्के शुल्काला सामोरी जाते. अभियांत्रिकी निर्यातदारांच्या संघटनांनी याच मुद्द्यावर नाराजी व्यक्त केली आहे. उलटपक्षी, स्वस्त परदेशी मालाने देशी पोलाद उद्योगाची गुंतवणूक थांबली, तर उद्या पत्र्यासाठीही आयातीवर विसंबावे लागेल, हा पोलाद उत्पादकांचा युक्तिवादही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

अनुभव काय सांगतो?

तिन्ही प्रसंगांतून काही गोष्टी ठळकपणे समोर येतात. प्रतिशुल्काने गमावलेली पोलादाची बाजारपेठ क्वचितच परत मिळते. पण पुढील वाटाघाटीत देण्याजोगे काहीतरी हाती येते. २०१९ मधील सफरचंदावरील शुल्क २०२३ मध्ये सूट-अर्जांच्या मंजुरीसाठी कामी आले, ते याच अर्थाने. मोठी बाजारपेठ असलेल्या युरोपला धमकी पुरली, शेजारी असलेल्या कॅनडा-मेक्सिकोला कराराची निकड पुरली. कोरियाने मिळविलेला कोटा मात्र सात वर्षांनी एका आदेशाने संपला. म्हणजे एकट्याने केलेला सौदा त्या सत्ताधाऱ्याच्या मर्जीइतकाच टिकतो. दीर्घकाळ टिकेल असे उत्तर २००३ मध्ये मिळाले होते आणि त्यामागे निवाडा करणारी यंत्रणा होती. ती पुन्हा उभी राहणे हे मध्यम बळाच्या देशांच्या, म्हणजे भारताच्याही हिताचे आहे.

तोवर देशांतर्गत न्याय तरी सरकारच्या हाती आहे. उत्पादकाला १२ टक्के संरक्षण देताना पत्रा वापरणाऱ्या लघुउद्योजकाला निर्यातीच्या प्रमाणात शुल्कपरतावा सुलभपणे मिळाला, तर परकीय शुल्काचा दुहेरी मार त्याच्यावर पडणार नाही. प्रतिशुल्काची यादी करताना वापरली जाणारी बारकाईची दृष्टी आपल्याच कारखान्यांच्या यादीवरूनही फिरावयास हवी.

ठळक टप्पे

५ मार्च २००२ : अमेरिकेकडून ८ ते ३० टक्के शुल्काची घोषणा.
४ डिसेंबर २००३ : अपील मंडळाच्या निकालानंतर शुल्क मागे.
८ मार्च २०१८ : कलम २३२ खाली पोलादावर २५, अॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क जाहीर.
२२ जून २०१८ : युरोपीय महासंघाचे प्रतिशुल्क लागू.
१६ जून २०१९ : भारताचे २८ अमेरिकी वस्तूंवर प्रतिशुल्क.
डिसेंबर २०१९ : व्यापार संघटनेचे अपील मंडळ ठप्प.
जून २०२३ : भारत-अमेरिका यांच्यातील सहा वाद निकाली.
१२ मार्च २०२५ : अमेरिकेकडून सर्व सवलती रद्द.
२१ एप्रिल २०२५ : भारताचे सपाट पोलादावर १२ टक्के हंगामी संरक्षक शुल्क.
४ जून २०२५ : अमेरिकी शुल्क ५० टक्के.
डिसेंबर २०२५ : भारताचे संरक्षक शुल्क तीन वर्षांसाठी निश्चित.